घरी पहिल्यांदाच थीम केक करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधा गोल केक बऱ्यापैकी जमतो, क्रीमही लावता येतं, आणि आता घरातल्या छोट्याने ‘मला सशाचा केक हवा’ असा हट्ट धरलाय, अशा मंडळींसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. ओव्हनशी अजून ओळखच झाली नसेल तर आधी दोन-चार साधे केक करून बघा. आकाराचं नंतर पाहू.

पहिल्या खेपेला कोणता आकार निवडावा?

बोर्डवर आडवा ठेवला की वरून बघताच ओळखू येईल असा. फुलपाखरू, सशाचं तोंड, सुरवंट, मासा, आगगाडी, वयाचा अंक, हे सगळे या गटातले. दोन पायांवर उभा डायनासोर, मान उंच केलेला जिराफ किंवा एका चाकावर तोललेली मोटारसायकल पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवा.

निवडलेला आकार योग्य आहे का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. त्याची बाह्यरेषा कागदावर काढा, आत काळा रंग भरा आणि घरातल्या कुणालाही दाखवा. नुसती सावली बघून नाव सांगता आलं तर आकार चांगला. ससा आणि हत्ती या परीक्षेत हमखास पास होतात. अस्वल, कुत्रा आणि मांजर यांची तोंडं मात्र एकमेकांसारखीच दिसतात, मग सगळा भार डोळ्या-नाकाच्या सजावटीवर येतो आणि नवशिक्याची तिथेच दमछाक होते.

माझं स्पष्ट मत असं की पहिल्या केकला कोरीवकाम करूच नये. केकचे मोठे तुकडे कापून ते वेगळ्या तऱ्हेने जुळवायचे, एवढ्यावरच कितीतरी आकार तयार होतात.

साध्या गोल आणि चौकोनी केकमधून काय काय निघतं?

फुलपाखरू सगळ्यात सोपं. एक गोल केक मधोमध कापा आणि दोन्ही अर्धे असे फिरवा की गोलाकार बाजू एकमेकींना टेकतील आणि सरळ कापलेल्या कडा बाहेर येतील. झाले पंख. सरळ कडांच्या मध्यावर एकेक लहान त्रिकोणी खाच घेतली की वरचा पंख आणि खालचा पंख वेगळे दिसतात. मधल्या सांध्यावर क्रीमची जाड रेघ किंवा लांबट बिस्किट ठेवलं की अंग तयार.

सशाला दोन गोल केक लागतात. एक तसाच ठेवायचा, तो चेहरा. दुसऱ्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूने आत वळणारा एकेक काप घ्यायचा. बाजूचे दोन लांबट तुकडे म्हणजे कान, आणि मधे जो दोन्हीकडून आत गेलेला तुकडा उरतो तो हनुवटीखाली बो म्हणून लावायचा. काही म्हणजे काही वाया जात नाही, म्हणून हा माझा सर्वांत आवडता नमुना.

बदामाच्या आकारासाठी चौकोनी केकची बाजू आणि गोल केकचा व्यास सारखा हवा. समजा दोन्ही २० सेंमी. चौकोन कोपऱ्यावर उभा केल्यासारखा फिरवून ठेवा, गोल केकचे दोन अर्धे करा आणि वरच्या दोन्ही बाजूंना एकेक चिकटवा. आता इथे एक हिशोब करून ठेवा. हा बदाम साधारण ३४ सेंमी रुंद आणि ३१ सेंमी उंच होतो. त्याला ४० सेंमीचा बोर्ड लागेल. तो बोर्ड तुमच्या फ्रीजमध्ये मावतो का? आकार ठरवण्याआधीच फ्रीजचा कप्पा टेपने मोजून घ्या. केक पूर्ण झाल्यावर फ्रीजचं दार लागत नाही असं लक्षात येणं फार त्रासाचं असतं.

मधे भोक असलेल्या टिनमध्ये केलेला कड्यासारखा केक अर्धा कापून दोन्ही कमानी उलटसुलट जोडल्या की साप किंवा सुरवंट होतो. लोफ टिनमधला केक म्हणजे आगगाडीचा डबा. ओव्हनमध्ये चालणाऱ्या स्टीलच्या वाडग्यात बेक केला की अर्धगोल मिळतो, त्यातून साळिंदर, कासव, लेडीबर्ड होतात. वाडग्यातला केक मधे खोल असल्यामुळे १६० अंश सेल्सिअसला सावकाश बेक करा, नाहीतर कडा करपतात आणि पोट कच्चं राहतं.

वयाचा अंक करायचा तर?

इंग्रजी पद्धतीचे एक, चार आणि सात एका मोठ्या आयताच्या सरळ पट्ट्यांतून होतात. आठसाठी दोन गोल केक आणि मधे छोट्या वाटीने पाडलेली भोकं. मराठी अंकांना वळणं जास्त असल्याने कड्याचा केक आणि एखादी पट्टी एकत्र वापरावी लागते, पण दिसतात फार देखणे. अंकाच्या केकचा फायदा असा की तो ओळखू येईल की नाही, ही चिंताच नसते.

तयार आकाराचा टिन विकत घेतला तर काम सोपं होईल?

आकाराचं काम सोपं होतं, बाकीचं नाही. अशा टिनला खाचाखोचा फार. प्रत्येक खाचेत ब्रशने वितळलेलं लोणी लावून वर मैदा भुरभुरला नाही तर सशाचा कान टिनमध्येच राहतो. केक ओव्हनमधून बाहेर काढल्यावर साधारण दहा मिनिटं टिनमध्येच थांबू द्या आणि मगच उलटा करा. गरमागरम उलटवला तर तुटतो, पूर्ण गार होऊ दिला तर चिकटतो.

वेड्यावाकड्या टिनमध्ये बॅटर किती मावेल, हे पाण्याने मोजा. टिन काठोकाठ पाण्याने भरा, ते पाणी मोजपात्रात ओता. जेवढं भरेल त्याच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त बॅटर घालू नका.

कोणता केक बेक करावा? नेहमीचा हलका स्पंज चालेल का?

नुसता गोल ठेवायचा असेल तर चालेल. कापून जुळवायचा असेल तर घट्ट विणीचा, लोण्याचा केक हवा. पाउंड केक किंवा मडेरा यासाठी उत्तम. हलका स्पंज सुरी लागली की भुगा होतो, आणि वर फाँडंटचं (साखरेच्या, पोळीसारख्या लाटता येणाऱ्या मऊ गोळ्याचं) वजन आलं की बसतो.

सोपं प्रमाण हवं असेल तर लोणी, साखर आणि मैदा प्रत्येकी २२५ ग्रॅम, ४ अंडी, २ छोटे चमचे बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ. २० सेंमीच्या खोल गोल टिनला हे पुरतं. १८ सेंमीच्या चौकोनी टिनलाही हेच चालेल, कारण दोघांचं क्षेत्रफळ जवळजवळ सारखं आहे.

अंड्याशिवाय करायचा असेल तर कंडेन्स्ड मिल्कचा केक घ्या. तो दाट होतो आणि नीट कापला जातो. दह्याचा केक चवीला छान, पण जरा ठिसूळ. तो करायचाच असेल तर तुकडे कमीत कमी करा. कोणताही केक असो, साखरेचं सिरप हात राखून लावा. आकाराच्या केकमध्ये ओलसरपणा जास्त झाला की सांधे सरकायला लागतात.

केक एकाच दिवसात होईल का?

हट्टाने केला तर होईल, पण करू नका. फाँडंटचे छोटे प्राणी, शिंगं, तारे असं काही उभं राहायला हवं असेल तर ते दोन-तीन दिवस आधी करून उघड्यावर वाळू द्या. केक आदल्या दिवशी सकाळी बेक करा, पूर्ण गार झाल्यावर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. संध्याकाळी कापणं, जुळवणं आणि पहिला थर. वाढदिवसाच्या सकाळी फक्त शेवटचा थर आणि चेहरा. पाहुणे यायच्या तासभर आधी डोळे काढायला बसू नका, हात थरथरतो.

कागदी साचा कसा करायचा आणि कापायचं कसं?

चित्र खऱ्या मापात छापून किंवा हाताने काढून घ्या. तो कागद बटर पेपरवर गिरवा, कापा आणि गार केकवर ठेवा. कागद सरकू नये म्हणून चार टूथपिक टोचा, आणि त्या चार होत्या हे लक्षात ठेवा.

दातेरी, लांब पात्याची सुरी घ्या. ती पूर्ण उभी धरा. नवशिक्यांचा हात नकळत आत कलतो आणि केक वर मोठा, खाली लहान असा होतो. दाबून कापू नका, सुरी पुढे-मागे चालवत खाली न्या. वळण एका झटक्यात घ्यायचा मोह टाळा. आधी सरळ काप देऊन कोपरे काढा, मग थोडं थोडं तासत वळणावर या. काढलेला केक परत लावता येत नाही, म्हणून रेषेच्या अर्धा सेंटीमीटर बाहेरच थांबा आणि मग दोन पावलं मागे जाऊन बघा. बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

केक फ्रीजमधून काढल्या काढल्या कापा. गार असताना लोणी घट्ट असतं, त्यामुळे कडा स्वच्छ येते. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवलात तर आणखी बरं.

बारीक शेपट्या, मिशा, लांब पाय केकमधून कापायच्या भानगडीत पडू नका. दोन बोटांपेक्षा अरुंद केक टिकत नाही. ते सगळं फाँडंटने, वेफर बिस्किटाने किंवा चॉकलेटच्या रेषेने करा.

क्रम कोट, म्हणजे भुगा बसवणारा क्रीमचा पातळ पहिला थर, नाही केला तर नाही का चालत?

कापलेल्या केकला नाही चालत. गोल केकची भाजलेली कड गुळगुळीत असते, पण सुरीने कापलेली बाजू भुगा सोडत राहते आणि तो पांढऱ्या क्रीममध्ये ठिपक्यांसारखा दिसतो. भिंतीला रंग देण्याआधी लांबी भरतात, तसाच हा थर. क्रीम इतकं पातळ लावा की आतला केक दिसला तरी हरकत नाही, सांध्यांतल्या फटी मात्र भरून काढा. मग वीस ते तीस मिनिटं फ्रीजमध्ये. बोट लावल्यावर क्रीम चिकटलं नाही की पुढचा थर द्या.

या थरासाठी क्रीम वेगळ्या वाटीत काढून घ्या. भुगा लागलेला पॅलेट नाइफ मोठ्या भांड्यात गेला की सगळं क्रीम गेलं.

बटरक्रीम, व्हिप्ड क्रीम, गनाश की फाँडंट?

पहिल्या केकला बटरक्रीम. २५० ग्रॅम मऊ लोणी पांढरट होईपर्यंत फेटा, ५०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर थोडी थोडी घाला, लागलं तर एक-दोन चमचे दूध. ते आकार धरतं, रंग घेतं, चुकलं तर खरवडून पुन्हा लावता येतं. पृष्ठभाग गुळगुळीत येत नसेल तर तो आणायचाच कशाला? प्राण्याच्या केसांसाठी काट्याने ओढून घ्या, पिसांसाठी चमच्याच्या पाठीने थापा, गवतासाठी बारीक भोकांचं नोझल वापरा. केसाळ अस्वलाच्या अंगावर एकही चूक दिसत नाही.

व्हिप्ड क्रीम खायला हलकं, म्हणून अनेकांना तेच आवडतं. पण उभ्या कडांवर ते घसरतं, आणि त्यावर फाँडंट ठेवला तर ओलाव्याने तो विरघळायला लागतो. डोळे-नाक फाँडंटचे असतील तर ते अगदी शेवटी लावा.

हवा गरम असेल तर गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट, सगळ्यात भरवशाचं. डार्क चॉकलेट असेल तर क्रीमच्या दुप्पट, व्हाइट चॉकलेट असेल तर तिप्पट घ्या. रात्रभर बाहेर झाकून ठेवलं की ते पसरवण्याजोगं घट्ट होतं.

फाँडंटने पूर्ण केक झाकायचा असेल तर आकार सोपाच असू द्या. आत वळणाऱ्या खाचा, जशा फुलपाखराला असतात, तिथे फाँडंट ताणला जाऊन फाटतो.

फाँडंट लाटताना फाटतो, हत्तीच्या कातडीसारखा सुरकुततो. काय चुकतं?

तो वाळलेला असतो. वापरत नसाल तेव्हा प्रत्येक तुकडा प्लास्टिकमध्ये गुंडाळा. मळताना हाताला किंचित व्हेजिटेबल शॉर्टनिंग लावा, ओट्यावर आयसिंग शुगर किंवा कॉर्नफ्लोअर अगदी हलकं भुरभुरा. ३ ते ४ मिलिमीटर जाड लाटा. त्याहून पातळ केलात की खालचा प्रत्येक खड्डा दिसतो.

किती मोठा लाटायचा, याचं गणित असं: केकचा व्यास अधिक दोन्ही बाजूंची उंची अधिक थोडी वाढ. २० सेंमी व्यास आणि १० सेंमी उंचीच्या केकला ४५ सेंमीचा गोल पुरेल. आत हवेचा फुगा राहिला तर बारीक स्वच्छ सुई तिरकी टोचून हवा बाहेर काढा आणि तळहाताने फिरवा. सुई लगेच डबीत.

काळा रंग राखाडी होतो आणि लाल रंग गुलाबी. का?

कारण पांढऱ्या क्रीमला गडद करायला रंग भरपूर लागतो, आणि तो इतका घातला की चव कडवट होते, दात निळे-काळे होतात ते वेगळंच. काळ्यासाठी सुरुवातच कोको घातलेल्या चॉकलेट बटरक्रीमने करा, मग थोडा काळा जेल रंग पुरतो. लाल हवा असेल तर आदल्या रात्री कालवून ठेवा. काही तास गेल्यावर रंग आपोआप गडद होतो, म्हणून हवा त्यापेक्षा एक छटा फिकाच थांबा. पातळ द्रव रंगाने क्रीम सैल पडतं, त्यामुळे जेलच घ्या. जांभळा आणि गुलाबी उन्हात फिकट पडतात. सजवलेला केक खिडकीत ठेवू नका.

चेहरा नेहमी विचित्र का दिसतो?

बहुतेक वेळा डोळे फार वर असतात. लहान बाळाचा चेहरा आठवा: कपाळ मोठं, डोळे अर्ध्याच्या खाली, नाक आणि तोंड अगदी जवळ जवळ. केकवरच्या प्राण्याचे डोळे चेहऱ्याच्या मध्यरेषेच्या जरा खाली आणि एकमेकांपासून दूर ठेवले की तो लगेच गोजिरा दिसतो. वर आणि जवळ ठेवले की तोच ससा संशयी दिसायला लागतो.

आधी टूथपिकच्या टोकाने जागा नुसत्या टिपून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून बघा. समोर बघताना न दिसलेला तिरपेपणा फोटोत लगेच डोळ्यात भरतो. डोळे पायपिंग बॅगने काढण्यापेक्षा फाँडंटच्या सपाट चकत्या ठेवा, त्या उचलून सरकवता येतात. काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका द्या, आणि तो दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला असू द्या. त्या एका ठिपक्याने चेहऱ्यात जीव येतो.

कान आणि शिंगं उभी राहत नाहीत.

नुसता फाँडंट मऊच राहतो. २५० ग्रॅममध्ये साधारण एक छोटा चमचा सीएमसी पावडर (फाँडंट कडक वाळावा म्हणून घालायची, खाण्यायोग्य पावडर) मळा, आकार करा, वाळू द्या. लहान मुलांच्या केकमध्ये टूथपिकचे आधार शक्यतो नकोच. त्याऐवजी कच्ची स्पॅगेटी टोचा. ती आधार देते आणि चुकून दाताखाली आली तरी टूथपिकइतकी टोचत नाही.

दुमजली केला तर?

केकवर केक ठेवताना वरच्याखाली स्वतःचा पातळ बोर्ड हवा, आणि खालच्यात जाड स्ट्रॉ किंवा डॉवेल (आधाराच्या काठ्या) उभे करून ते केकच्या उंचीइतकेच कापायला हवेत. भार काठ्यांवर येतो, केकवर नाही. पण पहिल्या वेळी हे नकोच.

‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेली चमकी चालेल ना?

नाही. नॉन-टॉक्सिक म्हणजे खाण्यायोग्य नव्हे. अशी चमकी अनेकदा प्लास्टिकची असते. पाकिटावर ‘एडिबल’ असं लिहिलेलं आणि घटकांची यादी छापलेली असेल तरच केकवर घाला. खेळण्यातली बाहुली किंवा गाडी ठेवायची असेल तर धुऊन, कोरडी करून, खाली छोटी बिस्किटाची चकती ठेवून ठेवा. आणि येणाऱ्या मुलांच्या आई-बाबांना शेंगदाणे, बदाम, अंडी, दूध यांची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारा. साळिंदराचे काटे बदामाच्या कापांचे छान होतात, पण चॉकलेटच्या बटणांचेही होतात.

फ्रीजमधून काढल्यावर फाँडंटला घाम का येतो?

बाहेरच्या दमट हवेतलं बाष्प गार पृष्ठभागावर जमतं. पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोकं न उघडता केक खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थेंब दिसले तर पुसू नका, रंग पसरेल. आपोआप वाळतात. बटरक्रीमचा केकही खायच्या तास-दीड तास आधी काढा, गार लोणी तोंडात मेणासारखं लागतं.

गाडीतून नेताना?

मांडीवर नाही, सीटवरही नाही, कारण सीट मागे उतरती असते. डिकीत किंवा पायाशी सपाट जागी, खाली न सरकणारी चटई. सुट्टे कान, शिंगं वेगळ्या डब्यात न्या आणि तिथे पोचल्यावर लावा. सोबत थोडं क्रीम, पॅलेट नाइफ आणि ओला रुमाल ठेवा.

आयत्या वेळी एक बाजू कोसळली. आता?

ती बाजू मागे करा. मागे करता येत नसेल तर तिथे क्रीमचं गवत, चॉकलेटच्या गोळ्यांचा ढीग किंवा एखादं झुडूप उभं करा. फुलपाखराचा पंख तुटला तर सांध्यात क्रीम भरून फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या आणि वर नक्षीची रेघ ओढा. नक्षी मुळातच होती असं सगळ्यांना वाटतं, तुम्ही सांगितलं नाहीत तर. आणि कृपा करून सांगू नका. केक समोर आणताना ‘जरा बिघडलाय’ म्हणण्याची आपल्याला भारी खोड असते, आणि मग बिचारे सगळे तेच शोधत बसतात.

किती जणांना पुरतो आणि कापायचा कुठून?

१० सेंमी उंच केकचा अडीच सेंमी रुंद, पाच सेंमी लांब तुकडा मुलांना पुरतो. कापताना उरलेले तुकडे टाकू नका, क्रीममध्ये कुस्करून गोळे करा आणि चॉकलेटमध्ये बुडवा. मोठ्या माणसांची सोय तिथेच होते.

सशाचं तोंड मधोमध कापलं की लहान मुलं कधी कधी भोकाड पसरतात. कानापासून सुरुवात करा, चेहरा शेवटी. त्याआधी सगळे आधार बाहेर काढा: टूथपिक, डॉवेल, स्ट्रॉ. केकमध्ये घालताना त्यांची संख्या एका चिठ्ठीवर लिहून फ्रीजवर चिकटवा, आणि काढलेल्या काड्या तिच्याशी जुळल्याशिवाय पहिली प्लेट कुणाच्या हातात देऊ नका.